तू आलास की नीट चालतंय

बिघाड दोन जातींचे असतात. पहिल्या जातीचा बिघाड सज्जन असतो. मशीन बंद पडलं की पडलं. तुम्ही पोचेपर्यंत ते तसंच पडून राहतं. बटण दाबा, हलवा, चापट मारा, ते आपलं मेलेलंच. अशा बिघाडाशी भांडायला मजा येते, कारण तो पळून जात नाही. दुसऱ्या जातीचा बिघाड 'कधी कधी' येतो. चार दिवस सगळं झकास, पाचव्या दिवशी सकाळी सव्वासातला ढप्प. तुम्ही जाऊन बघावं तर मशीन शहाण्या मुलासारखं खाली मान घालून काम करत असतं आणि तक्रार करणारा माणूस वेडा ठरतो. 'माझ्या मशीनवर तर चालतंय' हे वाक्य आपल्या धंद्यात कुणी ऐकलं नसेल असं मला वाटत नाही.

आज या दुसऱ्या जातीबद्दल लिहायचंय. गेले दोन-तीन वीकेंड लिहीन लिहीन म्हणत होतो. उदाहरण घरचंच आहे, पण त्यात नुसता कॉम्प्युटर नाही, एका माणसाची अब्रूही अडकली होती. म्हणून जरा सविस्तर सांगतो.

मी राधानगरीचा. कोल्हापूरपासून पन्नासेक किलोमीटर. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: शाहू महाराजांनी भोगावतीवर बांधायला घेतलेलं धरण ते हेच. त्याला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. पाणी ३४७.५ फुटांवर गेलं की ते पाण्याच्या दाबानं आपोआप उघडतात, एकेका दरवाज्यातून १४२८ क्युसेक पाणी सुटतं, आणि पावसाळ्यात 'कितवा दरवाजा उघडला' ही कोल्हापुरातल्या प्रत्येक घरातली बातमी असते. २०२१ च्या डिसेंबरअखेरीस दुरुस्तीचं काम चालू असताना धरणाचा एक दरवाजा अडकून उघडा राहिला आणि ऐन थंडीत नदीला पाणी आलं. मोठा प्रकार होता, पण तो बघा, पहिल्या जातीचा. अख्ख्या नदीकाठानं डोळ्यांनी पाहिला, 'खरंच असं झालं का' असं कुणी कुणाला विचारलं नाही. दुसऱ्या जातीच्या बिघाडाला असे साक्षीदार मिळत नाहीत. त्याला एकच साक्षीदार असतो, आणि बहुतेक वेळा पहिला संशय त्याच्यावरच येतो.

आमच्याकडे तो साक्षीदार म्हणजे माझे वडील. अख्खं गाव त्यांना आण्णा म्हणतं, म्हणून मीही आण्णाच म्हणतो. ते गावातल्या एका दूध संस्थेत सेक्रेटरी आहेत. पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी थोडं सांगतो. सकाळी सहा ते आठ आणि संध्याकाळी सहा ते आठ, गावातली माणसं किटल्या घेऊन रांगेत उभी राहतात. दूध काट्यावर ओततात, वजन कॉम्प्युटरवर येतं. चमचाभर नमुना तपासणीच्या मशीनला लावला की फॅट आणि एसएनएफ कॉम्प्युटरवर येतं. त्यावरून दर निघतो, छोटी पावती छापून हातात पडते. दर दहा दिवसांनी बिल. ज्याच्या दारात एकच म्हैस आहे त्याच्या घरचा किराणा, पोराची फी, सगळं या दहा दिवसांच्या बिलावर चालतं. त्यामुळे त्या पावतीला गावात नोटेइतकी किंमत.

संस्थेचा कॉम्प्युटर २०१४ चा. तो कधीही बंद करत नाहीत. रात्री नाही, दुपारी नाही, गणपतीत नाही. का, तर एकदा केला होता आणि परत चालू व्हायला अर्धा तास रडला होता. तेव्हापासून 'बंद केला तर उठंल का न्हाई कुणास ठाऊक' या भीतीनं तो आपला अखंड नंदादीपासारखा तेवत ठेवलेला.

याला हसू नका. फिलाडेल्फियात १९४६ च्या फेब्रुवारीत जगासमोर आलेल्या एनिअ‍ॅकची हीच कथा होती. त्यात सुमारे १८ हजार व्हॅक्यूम ट्यूब होत्या आणि बहुतेक ट्यूब जायच्या त्या मशीन तापताना आणि निवताना. म्हणून तिथल्या लोकांनी ते मशीन सहसा बंद करायचं नाही असं ठरवून टाकलं. तरीसुद्धा दर दोन दिवसांनी एखादी ट्यूब जायचीच. न अडखळता सलग चालण्याचा त्याचा विक्रम ११६ तासांचा, तोही १९५४ मधला. म्हणजे पाच दिवससुद्धा नाहीत. आमच्या दूध संस्थेचा कॉम्प्युटर त्या मानानं पैलवान म्हणायचा!

तर २०२३ च्या पावसाळ्यात हा पैलवान मध्येच आपोआप रीस्टार्ट व्हायला लागला. ऐन गर्दीत स्क्रीन काळा. तीन मिनिटं जायची परत उभा राहायला. रांगेत किटल्या खाली ठेवलेल्या, पाऊस धो धो, म्हाताऱ्या माणसांची कुरकुर. आण्णा तेवढ्यात वजनं वहीत पेन्सिलनं लिहून घ्यायचे आणि नंतर कॉम्प्युटरवर चढवायचे. इथवर ठीक होतं. खरा घोळ दहा दिवसांनी बिल निघालं तेव्हा झाला. एका मावशींनी पावत्यांचा गठ्ठा टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "आण्णा, पावती हाय माझ्याकडं. मग बिलात त्या सकाळचं दूध कुठं गेलं?"

पावती खरी होती. कॉम्प्युटरमध्ये नोंद नव्हती. रक्कम म्हणाल तर दोनशे-अडीचशे रुपये. आण्णांनी खिशातून दिले. पुढच्या बिलाला दुसरं कुणीतरी आलं. परत खिशातून. तिसऱ्या वेळी मात्र पारावर बोललं गेलं: बघितलंत, ज्यांनी पावत्या जपल्या त्यांचं सापडलं. ज्यांनी चुलीत घातल्या त्यांचं दूध कुणी प्यालं?

पस्तीस वर्षं एका माणसानं पै-पैचा हिशोब ठेवला आणि एका खोक्यामुळे तो चोर ठरायला लागला. आण्णा फोनवर मला हे सांगायचे नाहीत. आईनं सांगितलं.

दुरुस्तीवाला दोनदा येऊन गेला होता. त्यानं दोन्ही वेळा विंडोज नव्यानं टाकलं. आपल्याकडे हा सगळ्या रोगांवरचा काढा आहे, 'फॉरमॅट मारू या'. दोन्ही वेळा चार-पाच दिवस बरे गेले आणि मग ये रे माझ्या मागल्या. तिसऱ्या वेळी तो म्हणाला, मशीन चांगलं आहे, वापरणाऱ्याचा हात कुठेतरी बटणावर पडत असेल. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हे.

मीही मध्ये एक रविवार तिथे जाऊन बसलो होतो. सकाळ-संध्याकाळ दोन्ही संकलनं डोळ्यांनी पाहिली. एकदाही काही झालं नाही. आण्णा हसत म्हणाले, "आरं, तू आलास की नीट चालतंय बघ. त्येला बी कळतंय वाटतं, घरात इंजिनिअर आलाय म्हणून." हसत म्हणाले खरं, पण त्यांच्या चेहऱ्यावर 'आता हा तरी माझ्यावर विश्वास ठेवील का' असं स्पष्ट दिसत होतं.

तेव्हा मला हृदयाच्या डॉक्टरांची एक पद्धत आठवली. कुणाला अधूनमधून छातीत धडधडतं, पण दवाखान्यात ईसीजी काढला की सगळं नॉर्मल. अशा वेळी डॉक्टर पेशंटला खोटारडा ठरवत नाहीत. छातीला होल्टर नावाचं छोटं यंत्र लावून घरी पाठवतात, ते दिवसभर प्रत्येक ठोका टिपत राहतं. सोबत एक डायरीही देतात. धडधडलं की वेळ लिहा आणि तेव्हा काय करत होता ते लिहा. जिना चढत होतो, जेवत होतो, भांडत होतो. नंतर यंत्राची पट्टी आणि डायरी शेजारी ठेवून वाचायची. यंत्राला ठोका कळतो, पण त्या वेळी माणूस काय करत होता हे त्याला कुठून कळणार?

कॉम्प्युटरची पट्टी माझ्याकडे होतीच. विंडोजच्या इव्हेंट लॉगमध्ये दर रीस्टार्टला 'कर्नल-पॉवर ४१' अशी नोंद पडते. तिचा मराठीत अर्थ एवढाच, की मशीन नीट बंद न होता एकदम बंद झालं होतं. का झालं, ते तिलाही माहीत नसतं. म्हणजे वेळ मिळाली, कारण नाही. म्हणून मी आण्णांना दोनशे पानी वही आणून दिली आणि रकाने आखले: तारीख, वेळ, काय चाललं होतं, लाईट, पाऊस आणि शेवटी शेरा. सांगितलं, काहीही झालं की लगेच लिहायचं आणि शेऱ्यात वाट्टेल ते लिहायचं, बिनकामाचं वाटलं तरी. हिशोबाच्या माणसाला वही दिली म्हणजे काय होतं ते तुम्हाला माहीतच आहे. २० जुलै ते १ सप्टेंबर, ४४ दिवस, एक दिवस सुटला नाही. ज्या दिवशी काही झालं नाही त्या दिवशीही 'काही नाही' असं लिहिलेलं. हे फार महत्त्वाचं असतं बरं का, कारण न झालेल्या दिवसांशी तुलना केल्याशिवाय झालेल्या दिवसांत वेगळं काय होतं ते कळत नाही. ४४ दिवसांत ११ वेळा. सरासरी चार दिवसांनी एकदा.

२ सप्टेंबरच्या शनिवारी मी परत गेलो.

पहिला संशयित मेमरी. आपल्याकडे यावर घरगुती उपाय आहे, मेमरीची पट्टी काढून तिचे सोनेरी दात खोडरबरानं घासायचे. चेष्टा नाही, पावसाळी दमट हवेत त्या दातांवर गंज-मळ बसतो आणि घासल्यानं खरंच फरक पडतो. पण मला घासायची घाई नव्हती. घासून बरं वाटलं असतं तर नेमकं कशानं बरं वाटलं, पट्टी घासली म्हणून की नुसती हलवून परत बसवली म्हणून, हे कधीच कळलं नसतं.

मेमरीचा विषय निघालाच आहे तर थोडं विषयांतर. यंत्र अकारण चुकलं की आपण लोक लगेच 'कॉस्मिक रे' म्हणून मोकळे होतो. त्यात तथ्य आहे. १९७८ मध्ये इंटेलच्या मे आणि वूड्स या दोघांनी दाखवून दिलं होतं, की मेमरी चिपच्या वेष्टनातच अतिसूक्ष्म प्रमाणात युरेनियम-थोरियम असतं, त्यातून निघणारे अल्फा कण एखादा बिट उलटा करू शकतात, आणि चिपला काहीही इजा झालेली नसते. पण २००९ मध्ये गुगलच्या हजारो सर्व्हरांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात वेगळंच चित्र निघालं. दरवर्षी ८ टक्क्यांहून जास्त मेमरी पट्ट्यांमध्ये चुका दिसत होत्या आणि एकदा चुकलेली पट्टी परत परत चुकत होती. म्हणजे आकाशातून कुणी बाण मारत नव्हतं, बहुतेक वेळा पट्टीच खराब होती. सांगायचा मुद्दा, 'अधूनमधून' याचा अर्थ 'अकारण' असा नाही. कारण तिथंच बसलेलं असतं, फक्त ते जुळून यायला चार गोष्टी लागतात.

तर शनिवारी रात्री संकलन संपल्यावर मेमटेस्ट लावून झोपलो. हा प्रोग्रॅम मेमरीच्या प्रत्येक घरात वेगवेगळे आकडे भरतो आणि परत वाचून बघतो. पहाटे साडेपाचला उठलो तर सहा फेऱ्या झालेल्या, चूक शून्य. मेमरी पूर्ण निर्दोष असं नाही म्हणता येत, पण रांगेत मागे ढकलता येतं.

मग वही घेऊन चहाला बसलो. तारखांत काही नमुना दिसेना. पावसाच्या रकान्यात राधानगरीत जुलै-ऑगस्टला काय लिहिणार, रोजच पाऊस. लाईटच्या रकान्यात सगळीकडे 'होती'. म्हणजे लाईट गेली म्हणून मशीन बंद पडत नव्हतं. आणि मग शेऱ्याचा रकाना. आण्णांच्या तिरक्या अक्षरात:

'ट्यूब लुकलुकली.'
'यूपीएस ओरडला, मग बंद.'
'कूलर घरघरला. ट्यूब बारीक.'
'चेअरमन आले होते.'
'ट्यूब बारीक झाली, यूपीएस ओरडला.'

अकरापैकी नऊ शेऱ्यांत ट्यूब नाहीतर यूपीएस. (चेअरमनना मी संशयितांच्या यादीतून वगळलं.) मी विचारलं, यूपीएस ओरडतो हे तुम्ही दुरुस्तीवाल्याला सांगितलं होतं का? म्हणाले, "सांगितलं की. तो म्हणला, यूपीएस तर रोज ओरडतोय, रोज कुठं बंद पडतंय?"

हा प्रश्न चुकीचा नव्हता. उत्तर शोधायला हवं होतं, एवढंच.

उत्तर असं. संस्थेत दूध गार करायचा बल्क कूलर आहे. संकलनाचं कोमट दूध आत पडलं, आतलं तापमान वाढलं, की त्याचा कॉम्प्रेसर चालू होतो. मोठी मोटर चालू होताना क्षणभर खूप करंट ओढते. व्होल्टेज आधीच कमी असेल तर त्या धक्क्यानं ते आणखी खाली जातं. ट्यूब बारीक होते. यूपीएसला वाटतं लाईट गेली, तो बॅटरीवर उडी मारतो आणि ओरडतो. या उडीला काही मिलिसेकंद लागतात, साध्या यूपीएसला दहापर्यंत. तेवढा वेळ कॉम्प्युटरला कुणीच वीज देत नसतं.

चांगल्या कॉम्प्युटरला याचं काही वाटत नाही. त्याच्या पॉवर सप्लायमध्ये एक मोठा कपॅसिटर असतो, घरावरच्या पाण्याच्या टाकीसारखा. वरचं पाणी बंद झालं तरी टाकीवर थोडा वेळ भागतं. नवीन असताना पूर्ण लोडवर साधारण १६ मिलिसेकंद भागावं असा संकेत आहे. म्हणजे दहाची उडी सहज पार. पण या कपॅसिटरच्या आत द्रव असतो आणि तो वर्षानुवर्षं हळूहळू सुकतो. समजा कपॅसिटरचं आयुष्य १०५ अंशांना २ हजार तास आहे. ढोबळ नियम असा, की तापमान दर १० अंशांनी कमी झालं की आयुष्य दुप्पट. ६५ अंशांना धरलं तर ३२ हजार तास, ५५ अंशांना ६४ हजार तास. मोठे आकडे वाटतात ना? पण वर्षाचे तास ८,७६०. म्हणजे रात्रंदिवस चालणाऱ्या मशीनला साडेतीन ते सव्वासात वर्षं. आमच्या पैलवानाला नऊ झाली होती. टाकी तीच दिसत होती, पण आत गाळ भरून ती निम्मीच उरली होती.

आता 'रोज का नाही' याचं उत्तर. रोज यूपीएस उडी मारायचा, पण टाकीत त्या क्षणी किती पाणी आहे त्यावर निकाल लागायचा. व्होल्टेज कमी असेल तर टाकी मुळात कमी भरलेली. कपॅसिटरमधली ऊर्जा व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असते, त्यामुळे व्होल्टेज थोडं उतरलं तरी साठा बराच उतरतो. त्यात आपली वीज सेकंदाला ५० वेळा वर-खाली होते, टाकीही त्याच तालात भरते आणि उतरते. उडी नेमकी कुठल्या क्षणी पडली त्यावर पुन्हा वेगळा निकाल. कमी व्होल्टेज, कूलरचा धक्का आणि वाईट क्षण, हे तिघं एका एसटीत भेटले तरच रीस्टार्ट. बाकी दिवशी नुसता यूपीएसचा आरडाओरडा. मी गेलो त्या रविवारी तिघांपैकी कुणाचीतरी एसटी चुकली असणार.

इथवर सगळी थिअरी. थिअरी पटली म्हणून ती खरी होत नाही, आणि कधी कधी येणाऱ्या बिघाडाची वाट बघत बसण्यात काही अर्थ नसतो. त्याला बोलावून आणावं लागतं. रविवारी दुपारी आधी सगळ्या डेटाची कॉपी काढली, हार्डडिस्कची वायर काढून ठेवली म्हणजे तिला धक्का नको, मशीन पेनड्राइव्हवरून चालू केलं आणि यूपीएसचा प्लग भिंतीतून उपटला. परत लावला. परत उपटला. वीस वेळा. सहा वेळा कॉम्प्युटर रीस्टार्ट झाला. तेही दुपारच्या चांगल्या व्होल्टेजला. आण्णा शेजारी उभे राहून मोजत होते. पहिल्यांदा स्क्रीन काळा झाला तेव्हा त्यांच्या तोंडून 'झालं!' असं निघालं, आणि त्यात इतका आनंद होता की बाहेरून जाणाऱ्याला काहीतरी शुभकार्य चाललंय असं वाटलं असतं. दीड महिन्यात पहिल्यांदा ते मशीन दुसऱ्या कुणाच्या तरी समोर बंद पडलं होतं.

मग मशीन पूर्ण बंद केलं (आण्णा त्या वेळी भिंतीवरच्या गणपतीकडे बघत होते), कोल्हापुरातून आणलेला नवा पॉवर सप्लाय बसवला. बाकी काहीही बदललं नाही. मेमरी नाही, यूपीएस नाही, विंडोज नाही. पुन्हा वीस वेळा प्लग उपटला. शून्य. आधीसारखंच दहात तीनदा पडायचं असतं तर वीसच्या वीस वेळा निव्वळ नशिबानं वाचण्याची शक्यता हजारात एकसुद्धा नाही.

संध्याकाळी चेअरमननी विचारलं, झालं का बरं? मी म्हणालो, पंधरा दिवसांनी सांगतो. त्यांना हे आवडलं नाही. पी हळद अन् हो गोरी अशी सगळ्यांची अपेक्षा असते. पण हिशोब बघा. सरासरी चार दिवसांनी येणारा बिघाड काहीही न करता चार दिवस गप्प बसण्याची शक्यता ३७ टक्के. म्हणजे तीनात एकदा तर काहीही केलं तरी 'गुण आला' असं वाटणार. विंडोज नव्यानं टाकल्यावर चार-पाच दिवस बरे गेले होते, त्यामागे एवढंच गणित असू शकतं. बारा दिवस गप्प बसण्याची शक्यता ५ टक्के. मला विचाराल तर सरळ नियम ठेवावा, दोन बिघाडांमधलं सरासरी अंतर मोजायचं आणि त्याच्या तिप्पट दिवस काही झालं नाही तरच बरं झालं म्हणायचं. १९ सप्टेंबरला गणपतीला गेलो तेव्हा सोळा दिवस झाले होते, शक्यता २ टक्क्यांच्याही खाली. वहीत सोळा वेळा 'काही नाही'. दिवाळीपर्यंत सत्तर झाले.

राहिला पावत्यांचा प्रश्न. प्रोग्रॅम पावती आधी छापायचा आणि नोंद मागाहून हार्डडिस्कवर पक्की व्हायची. मधल्या त्या क्षणांत मशीन बंद पडलं की पावती हातात आणि नोंद हवेत. अकरा तारखांपैकी चार वेळा असं झालं होतं. वही, पावत्या आणि कॉम्प्युटर यांची वेळ मिनिटाला मिनिट जुळली. आण्णांनी आता स्वतःचा एक नियम केलाय. मशीन कधीही अचानक उठलं तर पुढची किटली ओतायच्या आधी शेवटच्या पावतीचा नंबर आणि कॉम्प्युटरमधला नंबर ताडून बघायचा. सॉफ्टवेअरवाल्यांना मी 'आधी नोंद, मग पावती' असं करायला सांगितलंय. आपण बँकांसाठी लाखो रुपये घेऊन हेच करत असतो की.

हा सगळा प्रकार खेड्यातल्या जुन्या खोक्यापुरता आहे असं वाटत असेल तर एक गंमत सांगतो. २०२१ मध्ये फेसबुकच्या इंजिनिअरांनी एक प्रकरण प्रसिद्ध केलं. त्यांच्या काही फाइली मध्येच गायब होत होत्या. शोधत शोधत गेल्यावर सापडलं, की एका प्रोसेसरचा एकच कोर १.१ चा ५३ वा घात काढताना पूर्णांक १५६ ऐवजी शून्य सांगत होता. बाकीचे कोर बरोबर, त्या कोरचीही बाकी बरीच गणितं बरोबर. फाइलचा आकार शून्य आला की पुढचा प्रोग्रॅम समजायचा, फाइल रिकामी आहे, लिहायची गरज नाही. ना एरर, ना लॉग. मावशींच्या दुधासारखीच फाइल गुपचूप हवेत.

पुण्यात आल्यावर तो जुना पॉवर सप्लाय मी उघडला. (तुम्ही उत्साहानं उघडू नका. प्लग काढल्यावरही त्या टाकीत जीवघेणा चार्ज राहू शकतो. मी तो कित्येक दिवस बाजूला ठेवला होता आणि आधी मल्टिमीटरनं तपासला.) मोठ्या कपॅसिटरचं डोकं पुरीसारखं फुगलेलं होतं. त्याचा फोटो आण्णांना पाठवला. त्यांनी तो प्रिंट काढून संस्थेच्या नोटीस बोर्डावर लावला, शेजारी वहीच्या पानांची झेरॉक्स. चेअरमननी मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर विषय मिटवला आणि आण्णांच्या खिशातून गेलेले पैसे संस्थेनं परत केले.

तुमच्याकडेही असं एखादं मशीन असेल. ऑफिसातला सर्व्हर, घरचा राऊटर, काहीही. सल्ला थोडकाच आहे. तक्रार करणाऱ्यावर आधी विश्वास ठेवा. त्याच्या हातात वही द्या आणि शेऱ्याचा रकाना मोठा ठेवा. एका वेळी एकच गोष्ट बदला. आणि 'झालं का' या प्रश्नाला लगेच 'हो' म्हणू नका.

मावशींचं मात्र अजून तसंच आहे. दूध घालून झालं की त्या पावती घेत नाहीत, आधी आण्णांना मोठ्यानं वाचून दाखवायला लावतात. लिटर, फॅट, रुपये. मग पदराच्या गाठीत बांधतात. आण्णाही न चिडता रोज वाचून दाखवतात. मी म्हटलं, आता तर सगळं नीट चालतंय, त्यांना सांगा की. म्हणाले, "तू पंधरा दिवस बघितलंस नव्हं? ती जरा जास्त दिवस बघंल."